नेपाळच्या बॅगेतला तवा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर मोटारसायकलच्या बॅगेतून एक तवा काढला आणि परत घातला. बस. याच्यापेक्षा मोठं काही झालं असतं तर तेच सांगितलं असतं.

सकाळची वेळ. ओसरीत तिची बाज, समोर अंगणात फटफटी, आणि फटफटीच्या दोन्ही अंगाला ताडपत्रीच्या दोन बॅगा. मी बॅगेतली एकेक चीज काढून वर धरायची आणि तिनं बाजेवरून हुकूम सोडायचा, हा आमचा रोजचा उद्योग. जादाची ट्यूब वर धरली. "ऱ्हाऊ द्या." तिचं स्वेटर वर धरलं. "ऱ्हाऊ द्या." तवा वर धरला.

"काढा त्याला," ती म्हणाली.

"काढा? या तव्यापायी दिवाळीपासून माझ्याशी भांडून राह्यलीस, आन् आता काढा?"

"घरी लागंल तुमाला."

"मी घरी कशाला असतोय? मी नेपाळात असणार."

"आवं, ठेवा की भायेर. घरातला दुसरा तवा चिरलाय."

मी तवा परत बॅगेत घातला, वरचं झाकण ओढलं, दोरी आवळून गाठ मारली. ती हसली का काय, मी पाहिलं नाही. "लय आडमुठं माणूस," एवढं ऐकू आलं.

दुपारी ती गेली.

हे नेपाळचं खूळ कुठून आलं ते आधी सांगतो. नाहीतर लोक म्हणायचे, बायको मेली आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं ते म्हणतच आहेत.

आमचा मुलगा पुण्याला कंपनीत असतो. दोन-चार वर्षांमागं तो आणि त्याचे तीन दोस्त मोटारसायकलींवर नेपाळला निघाले आणि एक मुक्काम आमच्या घरी केला. गाव आमचं आष्टीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. चार गाड्या अंगणात आल्या तर मला वाटलं पोलीस आले. अंगात काळे जाड कोट, गुडघ्याला वाट्या बांधलेल्या, कोपराला वाट्या बांधलेल्या, पायात पाचपाच किलोचे बूट. पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी थेट तोंडाशी. दवाखान्यात सलाईन हाताला लावतात, यांनी तोंडाला लावलेलं. पाणी प्यायला गाडी उभी करायची नाही म्हणे. अरे, कोणती गाडी चुकणार आहे तुमची? तुम्ही स्वतःच गाडीवर बसलेले आहात.

संध्याकाळी त्यांनी सामान अंगणात पसरलं. काय भरायचं आणि काय नाही यावर चौघं तासभर बोलत होते. विमानाचं इंजिन उघडल्यासारखं. कपडे घडी करून भरायचे नाहीत, सुरळी करून भरायचे. सुरळी करून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. जड सामान खाली, हलकं वर. हे सांगायला त्यांना कोणीतरी कॉम्प्युटरवर पाठ दिलेला होता. कापसाची गाडी भरणाऱ्या माणसासमोर बसून मला समजावतात, आण्णा, जड खाली ठेवायचं असतं. मी म्हणलं, असं का? मी आतापर्यंत डोक्यावर घेऊन बसायचो.

त्यातल्या एकानं कसलंसं पाकीट काढलं. आत पातळ कागदासारख्या चड्ड्या. एकदा घालायच्या आणि फेकून द्यायच्या.

ती भाकरी करता करता बाहेर आली, हात पिठाचे. "फेकायच्या? का बरं? तिकडं धुवायला पाणी न्हाई का?"

"काकू, वजन कमी होतं परत येताना."

"चड्डीचं?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. आतून तिचं हसू बराच वेळ येत राहिलं.

आता खरं सांगायचं तर त्या पोरांचं काहीही बिघडलं नाही. गेले, बर्फ पाहिलं, सुखरूप आले. एक बटन तुटलं नाही. माझा राग त्याचाच आहे. माणूस इतकं सामान नेतो तर निदान पंक्चर तरी व्हावं.

ते गेल्यावर ती म्हणाली, "मलाबी जायचंय."

"कुठं?"

"नेपाळला. फटफटीवर."

मी म्हणलं, जाऊ. म्हणायला काय लागतं?

आमची फटफटी घेतली तेव्हा गावात दुसरी नव्हती. सन एक्क्याऐंशी असेल नाहीतर ब्याऐंशी. तेव्हापासून ती माझ्या मागं बसली. दोन्ही पाय एका बाजूला, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात सामान. त्या दुसऱ्या हातात काय काय बसलेलं आहे याचा हिशोब नाही. मुलगा बसला, तो पुढं टाकीवर बसायला लागल्यावर त्याचं दप्तर बसलं. शेळीचं करडू बसलं. आष्टीच्या बाजारातून एकदा आरसा आणला, माणसाएवढा. अख्ख्या रस्त्यानं आभाळ त्यात दिसत होतं आणि समोरून येणारे बैल बुजत होते. तिला कोणी कोट दिला नाही, वाट्या बांधल्या नाहीत. पदर कमरेला खोचायची आणि म्हणायची, "चला." पण गेलो कुठं? परतूर, मंठा, जालना. लई झालं तर पैठण. एवढ्या वर्षांत चाकं फिरली असतील पृथ्वीला वेढा बसेल इतकी, आणि फिरली ती एवढ्याच चार तालुक्यांत.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. औरंगाबादला नेलं, कापलं, पुन्हा शिवलं. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं की त्यांना आवडेल ते खाऊ घाला. डॉक्टर असं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ शेळ्या राखणाऱ्यालाही कळतो. मी आत गेलो तर ती म्हणाली, "काय म्हणला?"

"म्हणला, आवडंल ते खा."

"मंग बॅग भरा," ती म्हणाली. "मला नेपाळ आवडंल."

तेव्हापासून हे सुरू झालं. गावानं आम्हाला येड्यात काढलं, काढू दे. गावाला दुसरं काम काय आहे?

पुण्याहून तयार बॅग पाठवतो म्हणून मुलानं फोन केला. मी नको म्हणलं. शहागडला पुलाच्या अलीकडं हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा एक चाचा बसतो. त्याच्याकडंच शिवायची ठरवली आणि तीही हट्टानं मागं बसली. बुडाखाली गादीचा तुकडा बांधला. वाटेत दोन जागी थांबावं लागलं. लिंबाखाली टेकून बसायची आणि म्हणायची, "चला, उशीर होऊन राह्यला," जसं काही काठमांडूत कोणी ताट वाढून बसलं होतं.

चाचानं माप घेतलं. काय काय ठेवायचं ते विचारलं. तिनं आपल्या पिशवीतून तवा काढून त्याच्या मशीनवर ठेवला. घरून आणल्ता, मला न सांगता.

चाचानं तवा उचलून बघितला. "भाभी, नेपाल घूमने जा रैं, के हाटेल खोलने?"

"चाचा, तिकडं समदा भातच असतो. यांना भाकर लागती."

"अन् चूल्हा?"

"ष्टो घेतलाय."

"अन् पाटा-वरवंटा?"

"त्यो तुमी द्या," ती म्हणाली.

चाचा इतका हसला की त्याच्या तोंडातलं पान मशीनवर सांडलं. पण त्यानं तव्याच्या मापाचा वेगळा कप्पा शिवला, दुहेरी शिलाईचा. पलीकडं ट्रक उभा होता, त्याचा ड्रायव्हर ओरडत होता की माझी ताडपत्री आधी. चाचा म्हणाला, "रुक जा बे, इनका परदेस का मामला है."

घरी येताना मी तिला म्हणलं, लोकं पासपोर्ट नेतात, तू तवा नेतीस. ती म्हणाली, नेपाळला पासपोर्ट लागत नाही. हे तिला तिच्या भावानं सांगितलं होतं.

भाऊ म्हणजे माझा मेहुणा. त्याच्याविषयी बोलतो. त्यानं एकदा यात्रा कंपनीच्या बसमधून नेपाळ पाहिलं होतं, म्हणजे खिडकीतून पाहिलं. तेवढ्यावर तो गावात परदेश जाऊन आलेला माणूस झाला. गळ्यात रुद्राक्ष, बोलण्यात 'तिकडं'. तिकडं असं, तिकडं तसं. आमची बॅग भरायची चालली हे कळल्यावर रोज यायला लागला आणि ओसरीच्या खांबाला टेकून सल्ले द्यायला लागला.

"दाजी, तिकडं थंडी म्हणजे थंडी. चार घोंगड्या घ्या."

"चार घोंगड्यांवर आम्ही बसावं का आमच्यावर घोंगड्यांनी?"

"मतदानाचं कार्ड घ्या. सुकं खोबरं घ्या. कानटोपी घ्या. आन् पाचशेची नोट तिकडं चालत न्हाई, शंभराच्याच घ्या."

जे सांगेल ते ती बाजेवरून ऐकायची आणि मान डोलवायची. पण एक दिवस तो अंगणात मला बाजूला घेऊन, त्याच्या हळू आवाजात बोलला. त्याचा हळू आवाज परतूरच्या स्टेशनावर ऐकू जातो. "दाजी, हे काय लावलंय? आक्काला चार पावलं चालवत न्हाई. कुठं जाणार ती?"

ओसरीतून आवाज आला. "ये शहाण्या! चालायचं न्हाई मला. बसायचंय."

मेहुणा दोन दिवस आला नाही. तेवढीच शांतता.

तेव्हा मला वाटायचं, बॅग भरून पुरी होऊ द्यायची नाही. बॅग पुरी झाली की निघावं लागतं. म्हणून मी रोज काहीतरी काढायचो. आज पकड-पाना काढ, उद्या कानटोपी काढ, आणि सकाळी म्हणायचं, अगं, पाना राहिला, आज निघणं जमत नाही. फटफटीला नवीन टायर टाकला, क्लचची वायर बदलली, चेन बदलली. एकेक काम मुद्दाम आठ-आठ दिवस लांबवलं. मेकॅनिक म्हणाला, एवढी नवरी सजवता तर लग्न कधी? मी त्याला म्हणलं, तू तुझं ग्रीस लाव.

आणि तिचं वेगळंच चाललं होतं. ती एक दिवस म्हणाली, "तिकडं फटफटीवरून उतरले की मी दमलेली असणार. भाकर तुमालाच करावी लागंल. बसा हितं, शिका."

मी येडा नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं. मी गेल्यावर तुम्ही उपाशी मराल, सुनेच्या दारात ताटासाठी बसाल, म्हणून स्वयंपाक शिका, असं तिनं सरळ म्हणलं असतं तर मी उठून शेतात गेलो असतो. तिला ते माहीत होतं. म्हणून तिनं नेपाळचं नाव पुढं केलं. मला गंडवून राह्यली होती, आणि मी गंडून घेत होतो. सगळ्या जन्मात तिनं मला एवढीच एक गोष्ट आडवाटेनं सांगितली. बाकी सगळं तोंडावर.

तर अंगणात पंपाचा स्टो पेटवायचा. लहान परात. ज्वारीचं पीठ. ती बाजेवर कुशीवर झोपून बघणार आणि मी थापणार. बायका हे काम लहानपणी शिकतात आणि मग आयुष्यभर कोणी त्यांना विचारत नाही की ते कसं येतं. मला तर वाटायचं, पीठ कालवलं की भाकर आपोआप गोल होते.

"पाणी जास्ती झालं."

"कमी झालं म्हणलीस मघाशी."

"मघाशी कमी होतं, आता जास्ती झालंय. अजून पीठ घ्या. मळा. हातानं मळा, बोटानं नगं. बैलाला चोळता तसं चोळा."

थापायला घेतली की कडेला चिरायची. उचलली की हातात मोडायची. तव्यावर टाकताना एकदा अर्धी तव्यावर आणि अर्धी स्टोवर.

"ही भाकर हाय का म्हशीचा कान?"

"खायला बरी लागती."

"मंग खा. म्हशीला सांगू नका."

मेहुण्यानं एकदा ते बघितलं. मी बाईसारखा परातीपुढं बसलेला, बाप्यांनी बघू नये ते त्यानं बघितलं. म्हणला, "दाजी, गाव काय म्हणंल?"

ती म्हणाली, "गावाचं ऱ्हाऊ दे. तू नेपाळला गेलास तव्हा कोण करत होतं? बसवाला? म्हणून तर तू तिकडून वाळून आल्तास."

हळूहळू ती खाण्यापुरतीही उठेना. भाताचं पाणी तेवढं जायचं. पण सकाळी माझी भाकर बघायचीच. एके दिवशी तव्यावर माझी भाकर फुगली. पुरी फुगली, चेंडूसारखी. मी तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं शाब्बास म्हणेल. तिनं कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.  भाकर फुगायला नको होती, असं मला वाटलं. खाली ठेवून हातानं दाबून बसवली.

त्याच्या दुसऱ्याच सकाळी ती म्हणाली, तवा काढा.

पुढचं लोकांना माहीतच आहे. मुलगा आधीच येऊन थांबला होता, सून होती. दुपारी गेली आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. पण त्या दोन-तीन तासांत माणसांनी माझ्या अंगणात जो बाजार मांडला तो मी विसरणार नाही. रडायला आलेली माणसं आधी फटफटीभोवती फिरली. बॅगा दाबून बघितल्या. "कुठं निघाल्ते हे?" "नेपाळला." "आता? ह्या वयात?" एकजण टायर दाबून म्हणला, नवा टाकलेला दिसतोय. जसं काही बायको गेली नव्हती, गाडी विकायला काढली होती.

तिरडीला बांबू आले, कडबा आला, दोरी कमी पडली. कोणीतरी शहाण्यानं बॅगेवरची दोरी पाहिली आणि सोडायला हात घातला. मी भिंतीजवळ बसलेला होतो, उठून त्याच्या अंगावर गेलो.

"त्या दोरीला हात लावू नको."

"आण्णा, दोरी पायजे—"

"गावात दोरी मेली का? दुकानातून आण. त्या गाठीला हात लावशील तर बघ."

मेहुण्यानं मला धरून बसवलं. लोकांना सांगत होता, दाजीला धक्का बसलाय. धक्का कसला? मी शुद्धीवर होतो. शुद्धीवर नसलेली ती माणसं होती. सगळ्यांना तिच्याविषयी एकच बोलायचं होतं, लई सोशिक होती. सोशिक? तिनं कधी कोणाचं एक अक्षर सोसलं नाही. माझ्या आईचं सोसलं नाही, माझं सोसलं नाही, डॉक्टरला तोंडावर म्हणाली की तुझे हात गार आहेत, आधी चोळ. पण मेलेली बाई सोशिकच असते. कोणी तसं बोललं की मी थुंकायला उठायचो.

रात्री दोन-चार माणसं थांबली, झोपली. मी बाजेवर नाही पडलो. जमिनीवर पडलो.

सकाळी उठलो. दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत, भावकीतून भाकरी येतात. आल्याही. दुरड्या भरून भाकरी, पिठल्याची पातेली, प्रत्येक दुरडीबरोबर एकेक बाई आणि प्रत्येक बाईबरोबर तेच शब्द. सुनेनं माझ्यापुढं ताट ठेवलं. मी भाकर उचलली. जाड, कडेला कच्ची. खाली ठेवली.

तोंड धुतलं. अंगणात गेलो. फटफटीजवळ बसून दोरीची गाठ सोडली. कालची माझीच गाठ, आवळून बसलेली, नखं दुखली. झाकण वर केलं. कप्प्यातून तवा काढला. स्टो काढला, परात काढली, पिठाची पिशवी काढली. स्टोला हवा मारली आणि काडी लावली.

भरभर आवाज झाला तसा मेहुणा ओसरीतून धावत आला. "दाजी! आवं दाजी, काय करून राह्यले? घरात चूल पेटवत न्हाईत आज!"

"चूल कुठाय? ष्टो हाय."

"एकच झालं ते!"

"एक न्हाई. हे घरातलं सामान न्हाई. हे नेपाळचं सामान हाय. तिकडं काय चालतं ते तुला माहीत. तू जाऊन आलेला."

तो ओसरीकडं वळला.  मग खांबाला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला, रुद्राक्ष हातात धरून. त्याला मी उगी म्हणलं नाही. तिचा भाऊच होता तो, रडू दे.

मी पीठ कालवलं. पाणी थोडं जास्त झालं, अजून पीठ घेतलं. हातानं मळलं. थापली, उचलली, तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. उलटवली. एका बाजूनं फुगली, एका बाजूनं नाही. बायका दुरड्या धरून कुजबुजत होत्या. कुजबुजा म्हणलं.

भाकर हातावर घेतली, मीठ आणि तिखट घातलं आणि तिथंच उकिडवं बसून खाल्ली. सगळी खाल्ली.

मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. रात्रभर जागून त्याचे डोळे सुजलेले.  मग म्हणाला, "आण्णा, बाकीचं सामान मी काढून ठेवतो. बॅगा सोडतो."

"हात लावू नको," मी म्हणलं. "तवा काढायला सांगितला होता तिनं. तवा काढलाय."

आणि त्याच्यासाठी दुसरी थापायला घेतली.